शेवटच्या दिवसाची मोजदाद

सहलीचा पहिला दिवस उत्साहाचा, मधले दिवस पोटाचे आणि शेवटचा दिवस सामानाचा, असे माझे सात दिवसांच्या अनुभवानंतर बनलेले पक्के मत आहे. गेल्या मे महिन्यात मॉरिशसमधल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात मी सकाळी साडेसहाला आलो, तेव्हा तिथे सव्वीस मुलांच्या सव्वीस बॅगा आ वासून पडल्या होत्या. मुंबईहून निघताना आयांच्या हातच्या शिस्तीने ज्या सहज मिटत होत्या, त्या आता दोघादोघांनी वर बसूनही मिटत नव्हत्या. एकीतून ओल्या टॉवेलचे टोक बाहेर आले होते. दुसरीतून बाई शिंपले काढत होत्या. "इथले शिंपले इथेच ठेवायचे, हे मी तीनदा सांगितलं होतं," असे म्हणत त्या चौथ्यांदा तेच सांगत होत्या.

माझी ओळख आधी करून द्यायला हवी. मी शाळेत शिकवत नाही. त्याच संस्थेच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. सहलीबरोबर जाणारे शाळेचे एक सर ऐन वेळी आजारी पडले, आणि मुलगे बरोबर आहेत तर एक पुरुषमाणूस हवा म्हणून मुख्याध्यापिकाबाईंची नजर संस्थेच्या आवारात फिरू लागली. ती माझ्यावर स्थिरावण्याचे कारण माझी विद्वत्ता नव्हे. माझा पासपोर्ट तयार होता आणि मराठीचा प्राध्यापक हा केव्हाही मोकळाच असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. घरी ही बातमी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "मुलांना सांभाळायला तुम्ही, आणि तुम्हाला सांभाळायला कोण?"

आठवीची परीक्षा संपवून आलेल्या चौदा मुली, बारा मुलगे, दोन बाई आणि मी. मला एका वर्गाची नावे पाठ व्हायला एक अख्खे सत्र लागते. इथे हाताशी होते सात दिवस. पण सहल कंपनीने मुलांच्या गळ्यात नंबरांचे बिल्ले अडकवले होते, त्यामुळे माझी मोठीच सोय झाली. "सात नंबर, हात खिडकीच्या आत!" "अकरा आणि बारा, भांडण मुंबईला गेल्यावर!" असा माझा कारभार चालला होता. बसमध्ये चढताना मोजणी, उतरताना मोजणी, जेवणाआधी, जेवणानंतर. सव्वीसचा आकडा पुरा झाला की जीव खाली पडायचा. झोपेतही मी एकदा तेवीसपर्यंत आलो होतो, असे खोलीतल्या मुलांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

मॉरिशस हे बेट तसे लहान, क्षेत्रफळाने मुंबई शहर आणि उपनगरांच्या साधारण तिप्पट. सात दिवसांत आम्ही त्याच्या बहुतेक कोपऱ्यांत डोकावून आलो. पाम्प्लमूसच्या बागेत परातीएवढाल्या पानांची कमळे पाहिली. शामारेलची सात रंगांची माती पाहिली. सतराव्या शतकात या बेटावरून नाहीशा झालेल्या डोडो पक्ष्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात पाहिला. त्याच्यापुढे एक मुलगा बराच वेळ उभा राहिला आणि "सर, याची चव कशी असेल?" म्हणाला. याचे नाव आम्ही 'प्रश्नपत्रिका' ठेवले होते. ग्रँड बसाँच्या तळ्याकाठी, ज्याला तिथले हिंदू गंगा तलाव म्हणतात, मुलांनी नमस्कार केले. ल मोर्न पर्वताच्या पायथ्याशी, पळून आलेले गुलाम या कड्यांच्या आसऱ्याला राहत, हे ऐकून ती थोडा वेळ गप्पही बसली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या काही मराठी कुटुंबांनी आम्हाला बोलावले होते. या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. घरांत बहुतेक क्रिओल बोलली जाते, पण आजोबा-पणजोबांची भाषा म्हणून मुले मराठी शिकतात. आमच्या मुलांनी त्या मुलांना इंग्रजीत नावे विचारली आणि त्यांनी थांबत थांबत, शब्द जुळवत, शुद्ध मराठीत उत्तरे दिली. अशा वेळी मराठीच्या प्राध्यापकाने तोंड कुठे लपवावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. त्यांची आडनावेही मजेची. कुणाचे आडनाव सखाराम, कुणाचे पांडू! जहाजातून उतरलेल्या माणसाने आपले नाव सांगितले, कारकुनाने कानाला आले तसे ते साहेबी अक्षरांत लिहिले, आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव म्हणून मिळाले.

त्या संध्याकाळी आमचा सतरा नंबर एका वृद्ध गृहस्थांजवळ जाऊन काहीतरी विचारत होता. 'गुहागर' एवढा शब्द माझ्या कानावर आला. पण तेवढ्यात एकोणीस नंबरने सरबत सांडले आणि मी तिकडे धावलो.

सतरा नंबर हा असा मुलगा होता, की मोजणीशिवाय त्याच्याकडे लक्ष जाऊ नये. वडील मुंबईत बसवाहक, गाव गुहागर तालुक्यातले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दोन मुलांच्या सहलीचा खर्च उचलला होता, त्यांतला हा एक. त्याने सात दिवसांत काही हरवले नाही, काही मागितले नाही, कशाबद्दल तक्रार केली नाही. शिक्षकांना असली मुले फार आवडतात. त्यांच्यासाठी काहीच करावे लागत नाही.

तर त्या शेवटच्या सकाळी मी बॅगा मोजत असताना तो माझ्याजवळ आला.

"सर, आज आपण त्या घाटावर जाणार ना?"

"कुठल्या घाटावर?"

"आप्रवासी घाट. पोर्ट लुईत आहे. माहितीपत्रकात आहे."

मी कार्यक्रमाचा कागद पाहिला. दहा ते एक खरेदी, मग जेवण, तिथून विमानतळ. घाटाचे नाव त्यात नव्हते. "वेळ उरला तर पाहू," मी म्हणालो. ज्या कामासाठी वेळ उरणार नाही हे ठाऊक असते, त्याच्याबद्दल मोठी माणसे लहानांना हे वाक्य सांगतात. माझ्या वडिलांनीही मला ते पुष्कळदा सांगितले होते. तो "बरं सर" म्हणाला आणि दुसऱ्या कुणाची तरी बॅग मिटायला लागला.

बस निघाली. दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूरकडचा माणूस असता तर त्याला गहिवरून आले असते, इतका ऊस. तुरे धरू लागले होते. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठे ढीग रचलेले दिसतात. दुरून पाहणाराला ती पडकी देवळे वाटावीत. हे बेट ज्वालामुखीचे आहे. जमीन लागवडीला आणायची तर आधी दगड वेचावे लागत, आणि वेचलेले दगड टाकायचे कुठे, म्हणून तिथेच रचत. माणसे भरती करणारे दलाल हिंदुस्थानात खेडोपाडी सांगत फिरत, की मिरीच देशात दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी आठवण तिथे अजून सांगतात. 'मॉरिशस' हे नाव आपल्या माणसांच्या तोंडी 'मिरीच' असे झाले होते. दगड मात्र खरोखरच उलटावे लागले. ते ढीग त्याचेच.

पोर्ट लुईला बस थांबली. सव्वीस मोजले आणि मुलांना तीन तुकड्यांत सोडले. बाजार मोठा गमतीचा आहे. भाजीवाल्या बायका गिऱ्हाइकाशी क्रिओलमध्ये बोलतात, पण त्यांच्या पाट्यांवरची कारली, भेंडी, दुधी आणि कोथिंबीर मात्र दादरच्या बाजारातून उचलून आणल्यासारखी. पैसाही रुपयाच, आणि नोटेवर तमिळबरोबर आपली देवनागरी. मोठी वेणीवाली मुलगी ती नोट सगळ्यांना वाचून दाखवत होती. एका गाडीभोवती मुलांचा घोळका जमला. गाडीवाला पातळ, पिवळसर पोळ्या दोन-दोन करून त्यांत उसळ आणि चटणी भरून कागदात गुंडाळून देत होता. ती डोल पुरी, म्हणजे आपली डाळपुरी. तिला दोनांच्या जोडीनेच विकतात. मुलांनी एकेक जोडी खाल्ली आणि निकाल दिला की ही गूळ विसरलेली पुरणपोळी आहे. बाजूच्या कढईतल्या 'गातो पिमाँ'चे फ्रेंच नाव ऐकून आम्ही बिचकलो होतो, पण चावल्यावर तो आपला डाळवडा निघाला.

एक वाजता बसपाशी मोजणी केली. पंचवीस.

पुन्हा मोजले. पंचवीसच. बाईंनी मोजले. मग मी मुलांना रांगेत उभे करून बिल्ल्यांवर बोट ठेवत मोजले. पंधरा, सोळा, अठरा.

परमुलखात दुसऱ्याचे मूल हरवणे म्हणजे काय, हे मला लिहून सांगता येणार नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली. एक बाई बाजारात धावल्या, दुसऱ्या पोलिसांना विचारायला निघाल्या, चालकाने बसचा भोंगा वाजवला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडले, आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आले की मला त्याचे नाव आठवत नाही. भर रस्त्यात "सतरा नंबर!" म्हणून ओरडायचे? मी ओरडलोही. दोन माणसांनी वळून पाहिले. यादी बॅगेत होती, बॅग बसच्या पोटात होती.

तेवढ्यात प्रश्नपत्रिकेने माझी बाही ओढली. "सर, तो सकाळी तुम्हाला काय म्हणाला होता?"

त्या मुलाने सात दिवसांत मला शंभर प्रश्न विचारले असतील. उत्तर येत असूनही सांगायला लाज वाटली, असा हा एकच.

बाजारापासून घाट चालत दहा मिनिटांच्याही आत आहे. मी धावत पोहोचलो. दारातल्या माणसाने माझ्याकडे पाहिले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "घबराइए मत, मास्टरजी. बच्चा यहीं है." साठीच्या आसपासचा, पांढऱ्या केसांचा माणूस. मुलगा एकटा आला हे पाहून त्याने त्याला आत बसवून ठेवले होते आणि "तुम्हारे मास्टर आएँगे, हिलना मत," असे बजावले होते.

काळ्या दगडी भिंतींच्या आत, धक्क्यावरून वर येणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. त्यांच्याजवळ तो बसला होता. बूट काढून बाजूला ठेवलेले, मोजे नीट बुटांत घातलेले.

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. जबाबदारी, बेशिस्त, पोलीस, विमान असे शब्द त्यात होते. भीती ओसरली की माणसाला राग येतो, आणि तो समोर असेल त्याच्यावर निघतो. तो उठून उभा राहिला. "चुकलं, सर," म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "मी सकाळी सांगितलं होतं, सर."

"इथे असं काय आहे?" मी विचारले. हे मी सकाळीच विचारायला हवे होते.

तेव्हा त्याने सांगितले. त्यांच्या घरात सहा पिढ्यांपूर्वी दोन भाऊ होते. सत्तावन्न सालच्या बंडाच्या आगेमागे धाकटा मुंबईला म्हणून गेला आणि तिथून मिरीचला जाणाऱ्या बोटीत चढला. एवढाच निरोप घरी आला. पुढे काही नाही. मेला कधी ते कळले नाही, म्हणून त्याची तिथी नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी आजी दरवर्षी एक पान जास्त वाढते. तिच्या सासूने वाढले, सासूच्या सासूने वाढले. शाळेची सहल मॉरिशसला जाणार हे कळल्यावर आजीने विचारले, म्हणजे मिरीच का? आणि सांगितले, "बाप हयात आहे तुझा, तू तर्पण करू नको. नुसती हाक मार नावानं. गावचं नाव सांग. म्हणावं, पान अजून वाढतो आमी."

"मग मारलीस हाक?"

त्याने मान हलवली. "माणसं होती, सर. लाज वाटली."

मी बाईंना फोन केला. पोरगा सापडला म्हटल्यावर त्या आधी रडल्या, मग रागावल्या. दोन्ही झाल्यावर मी म्हणालो, "सगळ्यांना इकडेच घेऊन या. जेवण डब्यांत भरून घेऊ, बसमध्ये खाऊ." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "पस्तीस मिनिटं. त्याच्यावर एक नाही."

ती पस्तीस मिनिटे आमच्या सहलीची खरी पस्तीस मिनिटे होती, असे आता वाटते.

पाहण्यासारखे तिथे फार नाही. एक फाटक, द्वारपालाची खोली, दवाखान्याचा भाग, मजुरांच्या पडव्यांचे, स्वयंपाकघरांचे आणि शौचकुपांचे अवशेष. मूळ आवाराचा मोठा भाग पुढे रस्त्याखाली गेला. उरलेल्या तुकड्याला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. त्या दारातल्या माणसाने मुलांना सगळे हिंडवून दाखवले आणि मी त्याच्या हिंदीचे मराठी करत गेलो. वर्गात मी जे शिकवतो त्यापेक्षा ते सोपे होते, कारण त्यात एकही अलंकार नव्हता.

१८३४ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेला 'अॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन इथे आले. १ फेब्रुवारी १८३५ पासून या बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना उसासाठी माणसे हवी होती. गुलाम नकोत, करारावरचे मजूर आणून पाहावे, असे इंग्रज सरकारने ठरवले आणि त्याला 'महान प्रयोग' असे नाव दिले. पुढच्या काळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे आली. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. १८४९ पासून ती याच आवारात उतरत. दोन दिवस इथे ठेवून त्यांना मळ्यांवर धाडत. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. मुले इथे एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना बहुधा शाळेतला दंड आठवला असावा.

"आणि नंबर," तो माणूस म्हणाला. त्याने सतरा नंबरच्या बिल्ल्याला बोट लावले. "हमारे परदादा का भी नंबर था. छह अंकों का. घर में सबको याद है."

उतरणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा आणि जहाज. १८६० नंतरच्या काळात फोटोही काढू लागले. ही रजिस्टरे आता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि तिथली माणसे आपल्या पूर्वजांचा माग त्यांतून काढतात. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटोचा पास जवळ बाळगणे भाग पडले. पासावाचून दुसऱ्या वस्तीत सापडला, तर भटक्या म्हणून तुरुंग. हे सांगून तो माणूस मुलाकडे वळला आणि हसत म्हणाला, "तुम बिना पास के आए थे. पुराने ज़माने में पकड़े जाते."

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. माझ्या खिशात कार्यक्रमाचा कागद होता आणि त्यावर एकापासून सव्वीसपर्यंत आकडे होते. सात दिवस मी त्या आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा करत होतो. मला मुले हरवू नयेत म्हणून आकडे हवे होते, आणि त्या कारकुनाला माणसे हाताखालून सुटू नयेत म्हणून. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी स्वतःला समजावले. पण त्या मुलाचे नाव मला रस्त्यात आठवले नव्हते, ही गोष्ट समजावून जाईना.

मोठी वेणीवालीने विचारले, "सर, यांचा करार संपल्यावर यांना परत कोण न्यायचं?"

सुरुवातीला परतीचे भाडे मळेवाल्यांच्या किंवा सरकारच्या खर्चाने मिळे. १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते बंद झाले. मग ज्याच्या गाठीला पैसा तो परत गेला. आलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश परतले, बाकीचे राहिले. आज त्यांच्या वंशजांचे ते राष्ट्र आहे. गांधीजींच्या दांडी-कूचाची तारीख धरून त्यांनी १२ मार्च १९६८ ला आपले स्वातंत्र्य घेतले, आणि २ नोव्हेंबरला तिथे या मजुरांच्या स्मरणार्थ सुट्टी असते.

मुलीने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे त्यांचा शेवटचा दिवस नव्हताच."

आठवीतल्या मुलीला यातून नेमके काय म्हणायचे होते, मी विचारले नाही. आमच्या बॅगा मिटत नव्हत्या, आमचे विमान रात्रीचे होते, सहा तासांत आम्ही आपापल्या घरच्या भातावर बसणार होतो. परतीचे तिकीट खिशात असले म्हणजेच परदेशातल्या दिवसांना पहिला, मधला, शेवटचा असे म्हणता येते.

दहा मिनिटे उरली तेव्हा बाई मुलांना त्या जागेच्या जतनासाठी धडपडलेल्या बिक्रमसिंग रामलाल्ला यांच्या नावाच्या माहिती-केंद्राकडे घेऊन गेल्या. मी मागे राहिलो. "आता माणसं नाहीत," मी म्हणालो, आणि त्या दारातल्या माणसाबरोबर भिंतीच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिलो.

पहिल्यांदा काहीच ऐकू आले नाही. पलीकडच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग त्याने हाक मारली. पहिली घशातच राहिली. दुसरी मोठ्याने आली, गावी बांधावरून मारतात तशी, शेवटचे अक्षर लांबवून. त्या माणसाचे नाव, बापाचे नाव, वाडीचे आणि गावाचे नाव. ते नाव मी इथे छापत नाही. ते त्यांच्या घरचे आहे. त्यानंतर तो आजीचा निरोप बोलला. तोंडपाठ केलेला होता, कविता म्हणावा तसा भरभर बोलला.

दारातल्या माणसाला शब्द कळले नसावेत. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

मुलगा येऊन बूट घालू लागला. मी विचारले, "झालं?" तो म्हणाला, "हो सर. पण उत्तर नाही ना कळणार." मी म्हणालो, "निरोप सांगणाऱ्याचं काम निरोप सांगायचं." हे बरोबर होते की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

बसमध्ये डबे उघडले गेले आणि पाच मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. अकरा आणि बारा भांडत होते. कुणीतरी खरेदीचा डोडो विसरला म्हणून रडकुंडीला आले होते. मुले अशीच असतात आणि तशीच असावीत.

विमानतळावर कंपनीच्या माणसाने बिल्ले परत मागितले. पिशवीत ते खळखळत पडले. शेवटची मोजणी माझी. मी बॅगेतून यादी काढली आणि सव्वीस जणांची नावे, वडिलांच्या नावांसह, एकेक करून वाचली. "सर, मोजा ना पटकन, रांग वाढतेय," बाई म्हणाल्या. पण मी वाचत राहिलो. तीन नावांचे उच्चार मुलांनी दुरुस्त केले. एका मुलीचे नाव सात दिवस मी मनातल्या मनात दुसरेच समजत होतो. सतराव्या नावाला तो "हजर" म्हणाला, आणि सगळी हसली, कारण शाळेत आता कुणी हजर म्हणत नाही.

सव्वीस भरले.

ही हकीगत इथेच संपायची. पण या सर्वपित्री अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी तो मुलगा महाविद्यालयाच्या आवारात मला शोधत आला. आजीने निरोप दिला होता. मला वाटले होते, हाक मारून झाली, आता बहुधा ते जास्तीचे पान थांबले असेल. मी तसे विचारले.

"नाही सर. आजी म्हणाली, आता तर ठिकाण कळलं." मग तो थोडा घुटमळला. "तिथली माणसं काय जेवतात, असं तिनं मला विचारलं होतं. मी डोल पुरी सांगितली. गुळाशिवायची. तिला आधी पटेना, गोडाशिवाय पान कसं वाढायचं म्हणून. मग आईनं दोन्ही केल्या. सगळ्यांच्या पानांत पुरणपोळी होती, आणि त्यांच्या पानात पुरणपोळी आणि दोन डाळपुऱ्या."

"दोन का रे?"

"तिथं दोन-दोनच देतात ना, सर."